42 किलोची लॅब आणि आजोबांचा डबा: वजन उतरवण्याची एक पूर्ण केस

पेशंट कोको. लॅब्रॅडॉर, मादी, वय सहा, दीड वर्षाची असताना स्पे केलेली (म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन झालेली), वजन 42.6 किलो. नाशिकला गंगापूर रोडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. घरात आजोबा, मुलगा-सून, कॉलेजला जाणारी नात आणि एक बोका. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितोय, कोकोचं नाव तेवढं बदललंय.

एप्रिलमध्ये आणली तेव्हा वजनाची तक्रार नव्हतीच. तक्रार होती की उठताना त्रास होतो, मागचा उजवा पाय लंगडते, आणि जरा चाललं की धापा टाकत खाली बसते. वजन वाढलंय म्हणून कुत्र्याला व्हेटकडे आणणारी माणसं फार कमी, पाय दुखतो म्हणून आणतात, अंग खाजवते म्हणून आणतात, आणि मग वजनाचा विषय आम्हाला काढावा लागतो. काढला की ठरलेलं उत्तर येतं, लॅब आहे ना डॉक्टर, लॅब अशाच असतात.

अशा नसतात. वजन योग्य असलेल्या लॅबच्या छातीवर हलका हात फिरवला तर बरगड्या बोटांना लगेच लागतात, वरून बघितलं की कंबर दिसते आणि बाजूने बघितलं की पोट मागे वर गेलेलं दिसतं. कोकोच्या बरगड्या शोधायला मला बोटं रुतवावी लागली, कंबर नव्हतीच, आणि शेपटीच्या मुळाशी चरबीची गादी झालेली. आम्ही 1 ते 9 अशा स्केलवर बॉडी कंडिशन मोजतो, 4-5 म्हणजे उत्तम, आणि 5 च्या वरचा प्रत्येक पॉइंट म्हणजे साधारण 10 टक्के जास्तीचं वजन. कोको 9 वर होती. म्हणजे हिचं योग्य वजन 30 च्या आसपास, आणि बारा-साडेबारा किलो ही पोरगी रोज उगाचच अंगावर वागवत होती. सुनेला म्हटलं, ताई, दहा किलोची तांदळाची पिशवी पाठीला बांधून दिवसभर घरात वावरा, मग हिचा पाय का दुखतो ते कळेल. त्या एकदम गप्प झाल्या.

तपासण्या काय केल्या ते थोडक्यात. गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय का ते आधी पाहिलं कारण जाड लॅबमध्ये ते फार दिसतं, पण गुडघा घट्ट होता. एक्सरेत दोन्ही खुब्यांमध्ये सुरुवातीचा आर्थ्रायटिस दिसला. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात कोलेस्टेरॉल जरा वर होतं, साखर नॉर्मल, लिव्हर-किडनी ठीक. थायरॉइड नॉर्मल. थायरॉइडच्या रिपोर्टवर घरच्यांची फार आशा होती हे जाणवत होतं, कारण थायरॉइड निघाला असता तर एक गोळी सुरू झाली असती आणि बाकी काही बदलावं लागलं नसतं. पाणी जास्त पिणं, लघवी जास्त होणं, केस झडणं असलं काही नव्हतं म्हणून कुशिंगच्या (अंगात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) टेस्टमध्ये त्यांचे पैसे घातले नाहीत. पायासाठी थोड्या दिवसांचं दुखण्याचं औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं की हे औषध तात्पुरतं आहे, खरं औषध वजन उतरवणं हेच.

मग नेहमीचा प्रश्न, काय खाते? "दोन वेळा डॉग फूड, बास." सगळ्यांचं एकमत. अशा वेळी खोदून खोदून विचारत बसण्यात अर्थ नसतो, माणसं लपवत नसतात, त्यांना खरंच ते खाणं वाटत नसतं. मी एवढंच सांगितलं की एक कोरा कागद फ्रिजवर लावा, कोकोच्या तोंडात जे जाईल ते देणाऱ्याने लिहायचं, किती आणि किती वाजता, आणि आठवडाभर कुणी कुणाला काही बोलायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण बोलाचाली सुरू झाली की लोक लिहायचे बंद होतात.

कागद आला तेव्हा सूनबाईच जास्त हादरल्या होत्या. डॉग फूडचा मग किचनच्या काट्यावर ठेवून बघितला तर एका मगात 130 ग्रॅम, म्हणजे दोन वेळचे मिळून साडेनऊशे कॅलरी. (कॅलरी म्हणजे आपण पाकिटावर वाचतो ती किलोकॅलरी.) याच्यावर आजोबांच्या दोन्ही चहांची मिळून सहा ग्लुकोज बिस्किटं, सव्वाशे-दीडशे. सकाळी डबे करताना तूप लावलेल्या दोन पोळ्या, तीनशेच्या आसपास. झोपताना म्हशीचं वाटीभर दूध, दीडशे. रात्रीचा उरलेला वरणभात, टाकवत नाही म्हणून, अजून दीडशे. आणि बोक्याच्या भांड्यातलं कोरडं कॅट फूड, जे दिवसभर भरलेलं जमिनीवर असायचं आणि बोक्याने तोंड काढलं की कोको साफ करायची, ते शंभर-एक. सगळं मिळून अठराशेच्या आसपास, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं असं की जे कुणाच्याच हिशोबात नव्हतं.

आता लागतं किती? नियम असा की योग्य वजन धरून, विश्रांतीच्या अवस्थेत शरीर चालवायला लागणाऱ्या ऊर्जेपासून सुरुवात करायची. वजनाचा 0.75 वा घात गुणिले 70. 30 किलोला हे साधारण 900 येतं. म्हणजे कोको गरजेच्या दुप्पट खात होती, आणि तीही उपाशी असल्यासारखी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत.

ही भूक नाटकी नसते, हे मला इथे मनापासून सांगायचंय, कारण लॅबवाल्यांना सगळे "हावरट आहे" म्हणून मोकळे होतात. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण दर चार लॅबमागे एकीमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो, त्यामुळे पोट भरल्याचा मेंदूला जाणारा निरोप नीट जात नाही, आणि या बदललेल्या जीनच्या प्रत्येक कॉपीमागे वजन सरासरी दोन किलोने जास्त भरतं. 2024 च्या त्यांच्याच पुढच्या कामात दिसलं की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधे जास्त भूक लागते आणि बसल्या जागी ऊर्जाही साधारण पाव हिश्शाने कमी जळते. म्हणजे दोन्हीकडून मार. वर स्पे केल्यावर कॅलरीची गरज आणखी पंचवीस-तीस टक्के उतरते, आणि ऑपरेशननंतर डाएट कमी करा हे बऱ्याच घरांत कुणी सांगितलेलंच नसतं. कोकोची जीन टेस्ट केलेली नाही, करून प्लॅन बदलला नसता. पण घरच्यांना हे सांगितल्यावर तिच्याकडे बघायची नजर बदलली. ती हावरट नाही, तिला खरंच भूक लागते, आणि म्हणूनच किती खायचं हे तिच्यावर सोडून चालत नाही.

प्लॅन असा ठरला. घर शाकाहारी, चिकन शिजवणार नव्हते आणि तसा आग्रह मी धरलाही नाही. घरचंच खाणं कमी करून देऊ का असं विचारलं होतं, त्याला नाही म्हटलं, कारण पोळी-दूध-भात निम्मा केला तर कॅलरीबरोबर प्रोटीन आणि कॅल्शियमही निम्मं होतं, मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ज्या कुत्र्याच्या खुब्यात आर्थ्रायटिस आहे तिचे स्नायू घालवणं म्हणजे उलटा कारभार. नेहमीचंच डॉग फूड निम्मं करण्यातही हाच धोका. म्हणून वजन उतरवण्याचं प्रिस्क्रिप्शन फूड, ज्यात प्रोटीन आणि फायबर जास्त आणि 100 ग्रॅमला 300 च्या आसपास कॅलरी. महाग आहे, ते लपवलं नाही. पण रोजचं दूध, तूप आणि बिस्किटांचा खर्च वजा केल्यावर फरक वाटला तेवढा राहिला नाही. दिवसाला 270 ग्रॅम, काट्यावर मोजून, मगाने नाही, कारण मग प्रत्येकाच्या हाताने वेगळा भरतो. 900 पैकी राहिलेल्या 90 कॅलरी वरच्या खाऊला, म्हणजे एकूणाच्या 10 टक्के. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून जेवणात वाफवलेला दुधी, फरसबी, लाल भोपळा, सगळं बिनमिठाचं आणि बिनफोडणीचं, कारण आपल्या फोडणीत कांदा-लसूण असतो आणि ते दोन्ही कुत्र्याला विषारी.

कागदावर सोपं आहे. अडलं आजोबांपाशी.

आजोबा ऐंशीच्या पुढचे, आजी गेल्यापासून दिवसभर त्यांची सोबत म्हणजे कोको. चार वाजता चहा आला की ती त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवते आणि ते बिस्किट मोडून अर्धं तिला, अर्धं आपण. "डॉक्टर, तिचं तोंड बघवत नाही हो, माझ्या हातचं एवढं तरी राहू द्या." सून म्हणाली, बाबा, तुमच्यामुळेच झालंय हे. मी तिला तिथेच थांबवलं. बिस्किटांच्या सव्वाशे-दीडशे कॅलरी, पोळ्यांच्या तीनशे, आणि पोळ्या आजोबा देत नव्हते. असल्या केसेसमध्ये घरातल्या म्हाताऱ्या माणसावर सगळं ढकलायची घाई होते आणि माझ्या मते प्लॅन फसण्याचं मोठं कारण ते आहे, कारण ज्याचं देणं बंद केलं तो मग लपून देतो, आणि लपून दिलेलं फ्रिजवरच्या कागदावर येत नाही.

मी त्यांना 2002 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. 48 लॅब्रॅडॉर पिल्लं, जोड्या लावलेल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, आणि हे त्यांच्या आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांचं आयुष्य निघालं मध्यकाने (म्हणजे निम्मी कुत्री ज्याच्या पुढे जगली तो आकडा) 13 वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं 11.2, आणि आर्थ्रायटिसच्या उपचारांची गरजही कमी खाणाऱ्यांना उशिरा पडली. आजोबांनी दोनदा विचारलं, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं? हो, दोनला थोडी कमी. मग म्हणाले, सांगा काय करायचं.

तर त्यांना काम दिलं. घरात कोकोच्या खाण्याचा मालक एकच, आजोबा. सकाळी नात 270 ग्रॅम मोजून स्टीलच्या डब्यात ओतते आणि डबा आजोबांच्या खुर्चीशेजारी ठेवते. दोन्ही जेवणं त्यातूनच, चहाच्या वेळचा खाऊही त्यातूनच, एकेक दाणा, आणि कुणालाही कोकोला काही द्यायचं असेल तर आजोबांकडे मागायचं. डबा रिकामा झाला की दिवस संपला. बिस्किटाच्या एका तुकड्याऐवजी पाच दाणे एकेक करून पाच वेळा दिले तर कुत्र्याच्या लेखी पाच वेळा मिळालं, तिला आकाराचं फारसं पडलेलं नसतं, हातातून मिळण्याचं असतं. वरच्या 90 कॅलरीत काकडीच्या चकत्या आणि गाजर. आजोबांनी हे इतकं मनावर घेतलं की पहिल्या आठवड्यात पोळी द्यायला गेलेल्या मुलालाच त्यांनी झापलं.

बोक्याचं भांडं जमिनीवरून उचलून खिडकीच्या उंच कट्ट्यावर गेलं. बोकाही सव्वासहा किलोचा होता, त्यामुळे त्याचंही मोजून सुरू केलं, दिवसाला 180 ते 200 कॅलरी, चार-पाच भागांत. पण मांजरवाल्यांनो, इथे सावध राहा. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचते आणि ते जिवावर बेततं. नवं फूड खात नसेल तर "भूक लागली की खाईल" हे मांजराला लागू नाही, जुन्यात मिसळून हळूहळू बदलायचं आणि आठवड्याला अर्धा ते एक टक्काच उतरवायचं. उतरवायचं मात्र नक्की, कारण जाड बोक्यांमध्ये डायबेटिस फार होतो.

चालण्याबद्दल लोकांच्या अपेक्षा जास्त असतात. किलोमीटरभर चालून 40 किलोची कुत्री साधारण 40 कॅलरी जाळते, म्हणजे दोन बिस्किटं. वजन ताटातून उतरतं, चालणं स्नायू आणि सांधे टिकवायला. एप्रिलच्या नाशिकमध्ये जाड कुत्र्याला ऊन लागायला वेळ लागत नाही, म्हणून सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता थंड झाल्यावर, सुरुवातीला दहा-दहा मिनिटं, लिफ्टने खाली, जिने नाहीत. घरात गुळगुळीत टाइल्सवर तिचा पाय घसरायचा, तिथे जुन्या सतरंज्या आणि रबरी मॅट टाकायला लावल्या. हा छोटा बदल उठण्याच्या त्रासावर औषधाइतकाच कामी आला.

मे महिन्यात 40.6. आठवड्याला एक ते दोन टक्के हा सुरक्षित वेग आणि ती बरोबर त्यात बसत होती. जूनमध्ये 39.2 झाली आणि तेव्हाच लंगडणं स्पष्ट कमी झालं. हे अपेक्षित होतं, आर्थ्रायटिसच्या जाड कुत्र्यांवरच्या कामात मूळ वजनाच्या साधारण 6 टक्के उतरले की लंगडण्यात फरक दिसतो असं आढळलंय. घरच्यांना मी हाच टप्पा आधी दाखवला होता, 30 किलोचा नाही. बारा किलो ऐकून माणूस खचतो, अडीच किलो जमेल असं वाटतं.

मग पावसाळा. जुलैत 38.1, ऑगस्टमध्ये 38.0, आणि गणपती झाल्यावर 38.4. घरात निराशा, सून म्हणाली आता हिचं एवढंच राहणार. अशा वेळी दोन गोष्टी बघायच्या, एक, वजन उतरलं की गरजही उतरते त्यामुळे पहिला आकडा आता जास्त पडतो का, आणि दोन, कुठून गळतंय. गळत दोन ठिकाणी होतं. पावसामुळे फिरणं बंद, नुसती खाली नेऊन आणायचे, आणि खाली वॉचमनकाका तिला प्रेमाने बिस्किट द्यायचे, दोन्ही वेळा. त्यांना नको म्हणण्याऐवजी नातीने तिच्याच दाण्यांची छोटी पुडी त्यांच्या खिशात दिली, तेवढे दाणे डब्यातून कमी करून. दुसरं गळत होतं आरतीला. दहा दिवस दोन वेळची आरती, पाहुणे, आणि प्रत्येकाच्या हातचा प्रसाद. मोदकाचं आणि पेढ्याचं वजन तरी उतरवता येतं, पण खिरापतीत मनुका असतात, आणि मनुका नि द्राक्षं कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात, किती खाल्ल्यावर करतील याचा अंदाज बांधता येत नाही. द्राक्षांच्या गावात राहून हे कितीतरी घरांत माहीत नसतं, म्हणून मी प्रत्येक लसीकरणाला येणाऱ्या माणसाला सांगतो. कोकोला काही झालं नाही, पण आरतीला तिच्यासाठी काकडीची वाटी वेगळी ठेवायची असं तेव्हापासून ठरलं.

रेशन 900 कॅलरींवरून 810 वर आणलं. पावसात घरातल्या घरात कामाला लावलं, पॅसेजमध्ये एकेक दाणा लांब टाकायचा आणि तिने शोधून खायचा, जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवायचे. पाच मिनिटांत संपणारं जेवण वीस मिनिटं चालायला लागलं आणि मधल्या वेळातलं तोंडाकडे बघत बसणंही कमी झालं. ऑक्टोबरमध्ये 37.2, दिवाळीचा फराळ सगळा वरच्या फळीवर आणि नोव्हेंबरात 36.3. तिथून पुढे महिन्याला किलोभर उतरत राहिली. डिसेंबरपासून गोदापार्कला सकाळी अर्धा तास चालते, न बसता, आणि आजोबाही काठी घेऊन सोबत जातात.

फेब्रुवारीत 33.3. बॉडी कंडिशन 6, बरगड्या हाताला लागतात, कंबर दिसते. दुखण्याचं औषध लागेल तसंच, थंडीत थोडे दिवस द्यावं लागलं. आता 30 च्या मागे लागायचं का, यावर माझं मत असं की नको. सांधे मोकळे झालेत, कोलेस्टेरॉल नॉर्मलला आलंय, आणि शेवटचे तीन किलो उतरवायला रेशन इतकं खाली न्यावं लागेल की तिची भूक आणि घरच्यांची जिद्द दोन्ही ताणल्या जातील. 32 पर्यंत आपोआप गेली तर छान, नाहीतर 33 टिकवायचं. सगळे डॉक्टर याच्याशी सहमत नसतील, पण मी ही केस बघून ठरवलंय.

टिकवणं हे वेगळं काम आहे, त्यात वजन परत चढणं फार कॉमन आहे. इथे जुन्या फूडवर परत जायचं नाही. रेशन एकदम वाढवायचं नाही, 10 टक्क्यांनी वाढवून महिनाभर बघायचं. तसं बघितलं तर सध्या 890 च्या आसपास तिचं वजन स्थिर आहे, म्हणजे पाकिटावरच्या तक्त्यापेक्षा बरंच कमी, आणि बहुतेक आता कायमच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी उपाशीपोटी, आमच्याच काट्यावर वजन, त्याचे पैसे नाहीत. किलोभर चढलं की त्याच आठवड्यात कागद परत फ्रिजवर. खुब्यांचा एक्सरे एप्रिलमध्ये परत काढणार आहोत, आणि बोक्याचं अजून पाऊण किलो उतरायचं बाकी आहे.